मंद डेटावहन (कर्नल-पातळीवरील निदान)

लाइन मोठी असूनही फाइल रडतखडत जाणे आणि त्याचे कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, शोधणे. 'नेट स्लो आहे' या रोजच्या तक्रारीहून हा प्रकार वेगळा: यात लाइन ठीक असते, पिंगही (समोरचे यंत्र उत्तर देते का, याची चाचणी) व्यवस्थित मिळतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल निर्यात करणारा कारखाना आहे, लाइन १०० एमबीपीएसची आहे, असे समजू. नमुन्यांचे फोटो पुण्याच्या सर्व्हरवर भराभर चढतात. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर मात्र तासन्‌तास लागतात. पोच येण्याआधी किती डेटा वाटेत असू द्यायचा, ही मर्यादा म्हणजे टीसीपीची (इंटरनेटवर डेटा पोच घेत पाठवण्याच्या नियमावलीची) 'विंडो'. मूळ टीसीपीत तिच्यासाठी १६ बिट, म्हणजे कमाल ६५,५३५ बाइट. पुण्याला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद धरले तर त्यातून सुमारे ५२ एमबीपीएस निघतात. अमेरिकेचे २०० धरले तर जेमतेम २.६. मागावरही असेच होते. पन्हा वाढला की धोट्याच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या कमी.

लाइन पुरती भरायची तर अमेरिकेच्या बाबतीत २५ लाख बाइट वाटेत हवेत. त्यासाठीची 'विंडो स्केलिंग'ची सोय १९९२ च्या आरएफसी १३२३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आली. आजच्या लिनक्समध्ये ती मुळातच चालू असते, बफरही (डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली जागा) कर्नल गरजेप्रमाणे वाढवतो. तरी अडतेच, आणि पुष्कळदा प्रोग्रामरच्या हुशारीमुळे: प्रोग्रामने सेंड किंवा रिसीव्ह बफरचा आकडा स्वतः ठरवला की त्या जोडणीपुरता त्या बफरमधून कर्नल अंग काढून घेतो. वेग वाढावा म्हणून लिहिलेली ती ओळ खोडणे हाच मग इलाज.

तपास पाठवणाऱ्या यंत्रावर जोडण्यांची स्थिती दाखवणाऱ्या 'एसएस' कमांडने सुरू करावा. 'आरडब्ल्यूएनडी लिमिटेड'चा वेळ मोठा दिसला तर समोरच्याची विंडो तोकडी आहे. 'एसएनडीबफ लिमिटेड'चा दिसला तर आपलाच बफर. दोन्ही नाहीत, पण रिट्रान्समिशन (तोच डेटा पुन्हा पाठवणे) वाढताहेत, तर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत गळत आहेत. क्युबिक ही लिनक्सची नेहमीची गर्दी-नियंत्रण पद्धत अशी गळती दिसताच आपली विंडो सुमारे ३० टक्क्यांनी आखडते.

जाणारी-येणारी पॅकेट टिपणारे (कॅप्चर करणारे) 'टीसीपीडम्प' वापरताना नवखे हमखास फसतात. स्केलिंगचा आकडा फक्त जोडणी सुरू करणाऱ्या सिन पॅकेटांत असतो. कॅप्चर मधूनच सुरू केले तर विंडो आहे त्यापेक्षा खूपच लहान भासते आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

पुण्याकडेही फाइल रखडत असेल, तर मात्र बफरच्या मागे लागू नये. आधी 'इथटूल' या कमांडने नेटवर्क कार्ड हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) अडकले आहे का, ते पाहावे.