गोव्याहून स्पितीला, आपल्याच गाड्यांनी : कमी खर्चात गटाने जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

गोव्यातून स्वतःची फोर-बाय-फोर काढून हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जाऊन यायचं, तर आजूबाजूच्या फेऱ्या धरून साडेपाच ते सहा हजार किलोमीटर होतात. यातला दगडगोट्यांचा आणि नाल्यांचा खरा कच्चा रस्ता अगदी थोडा. बाकी सगळं डांबर. आमच्या गॅरेजात गाडी तयार करून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक खर्चाची काटकसर नेमकी त्या थोड्या रस्त्यासाठी लागणाऱ्या गोष्टींत करतात आणि डांबरावर पैसा सढळ हाताने सोडतात. आमचं सांगणं याच्या उलट आहे. पैसे वाचवायचे ते चंदीगडपर्यंतच्या आणि परतीच्या हमरस्त्यावर. टायर, ब्रेक, गाडी ओढून काढायचं सामान आणि उंचीवर शरीराला द्यायचे दिवस यांत कात्री लावायची नाही.

आधी माणसं मोजा, मग गाड्या

सगळ्यात मोठा खर्च इंधनाचा, आणि तो गाड्यांच्या संख्येवर ठरतो. सहा हजार किलोमीटर, लिटरला सरासरी 11 किलोमीटर आणि हिशेबापुरता लिटरला ₹95 भाव धरला, तर एका गाडीला साधारण 545 लिटर, म्हणजे ₹52,000 च्या आसपास लागतात. गाडीत चौघं असतील तर माणशी ₹13,000, दोघंच असतील तर ₹26,000. हॉटेलात घासाघीस करून एवढा फरक कधीच पडत नाही.

पण गाडी एकटी नेऊ नका. काझाहून (स्पितीचं मुख्य गाव) मनालीकडे येताना लागणाऱ्या ग्राम्फू-बातलच्या कच्च्या पट्ट्यात गाडी अडकली तर ओढायला दुसरी लागतेच. दोन गाड्या ही किमान संख्या, तीन सगळ्यात सोयीच्या. पाचाच्या वर गेलात की अर्धा दिवस एकमेकांची वाट बघण्यात जातो. जिम्नी किंवा तीन दारांची थार असेल तर सामानासह चौघांची जागा कागदावरच असते, प्रत्यक्षात तिघं धरा. म्हणून गटात स्कॉर्पिओसारखी एक मोठी गाडी असलेली बरी, जास्तीचं सामान तिच्यात जातं. शक्य असेल तर एकाच मॉडेलच्या दोन गाड्या ठेवा. स्टेपनी, फॅनबेल्ट, फिल्टर, ब्रेक पॅड असं सुटं सामान मग एकाच संचात भागतं.

सुट्टी कमी असलेल्यांसाठी एक मार्ग आम्ही आवर्जून सुचवतो. मडगावहून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती एक्स्प्रेस आहे. प्रत्येक गाडीबरोबर आलटून पालटून चालवणारे दोघं जण रस्त्याने जातात, बाकीचे रेल्वेने जाऊन चंदीगडला भेटतात. तेवढ्या माणसांचा वाटेतला मुक्काम, जेवण आणि रजेचे तीन-चार दिवस वाचतात. ही गाडी रोज नसते आणि आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे प्रवासाची तारीख तिच्याकडे बघून ठरवा.

रस्त्याने जाणाऱ्यांनी चोर्ला घाटातून बेळगाव, पुढे कोल्हापूर, पुणे करून पहिला मुक्काम शिर्डीला टाकावा. संस्थानाच्या भक्तनिवासात स्वस्तात सोय होते. पुढे धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली करत चौथ्या किंवा पाचव्या दिवशी चंदीगड. रात्री गाडी हाकून एक मुक्काम वाचवायचा मोह होतो. तो आवरा. थकलेल्या ड्रायव्हरमुळे वाचलेले हजार रुपये फार महाग पडतात.

टोलसाठी खासगी मोटारींना 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो. सुरू झाला तेव्हा तो ₹3,000 ला होता. वर्षभर किंवा 200 वेळा नाका ओलांडेपर्यंत चालतो, यातलं जे आधी होईल ते. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांपुरताच तो लागू आहे, राज्यांच्या रस्त्यांचा टोल वेगळा. एवढ्या लांबच्या जाण्यायेण्यात त्याचे पैसे वसूल होतात. पेट्रोलची गाडी असेल तर टाकी गोव्यातच तोंडोतोंड भरा, शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा आपल्याकडे भाव कमी असतो. हमरस्त्यावर ताशी 80-90 च्या वर जाऊ नका. उंच, चौकोनी गाडीला त्यापुढे वाराच डिझेल खाऊन टाकतो, आणि टपावर कॅरियर असेल तर आणखी.

कधी जायचं, कुठून चढायचं

स्पितीला दोन वाटांनी जाता येतं. एक सिमल्याहून किन्नौरमार्गे, ही वर्षातला बराच काळ चालू असते. दुसरी मनालीकडून कुंझुम खिंडीतून (4,551 मीटर), ती बर्फ हटल्यावर साधारण जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरात बंद होऊ लागते. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात, ते महिने टाळा. आपल्यासाठी सोयीचा काळ सप्टेंबर. गणपतीची चवथ उरकून निघालात तर पाऊस ओसरलेला असतो आणि नाल्यांचं पाणीही उतरलेलं असतं. चवथ सप्टेंबरात उशिरा येत असेल, तर मात्र कुंझुम उघडी असल्याची खात्री रोजच्या रोज करावी लागेल.

चढताना किन्नौरमार्गे जा आणि उतरताना मनालीमार्गे. हा क्रम उलटा करू नका. आपण समुद्रसपाटीवर राहणारी माणसं. मनालीहून थेट काझाला गेलात तर एका दिवसात शरीराला दोन हजार मीटरांहून जास्त खालीवर व्हावं लागतं आणि रात्री 3,600 मीटरांच्या वर झोपावं लागतं. किन्नौरच्या वाटेने नारकंडा (सुमारे 2,700 मीटर), कल्पा (सुमारे 2,960), ताबो (सुमारे 3,280) असे मुक्काम करत गेलात की उंची हळूहळू अंगवळणी पडते. ताबोचा मठ 996 सालचा आहे, तिथे एक दिवस जास्त काढावा लागला तरी वाया जात नाही. डोकं सतत दुखणं, मळमळ, पाय लटपटणं ही लक्षणं वाढत असतील तर रात्र असो की दिवस, माणसाला खाली आणायचं. गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर.

किन्नौरच्या बाजूने रिकाँगपिओजवळच्या पोवारीला टाकी भरली की पुढचा भरवशाचा पंप काझाला. काझाहून मनालीपर्यंतच्या सुमारे 200 किलोमीटरांत वाटेवर पंप नाही. दोन्ही टप्पे एका टाकीत सहज होतात, त्यामुळे जेरीकॅनवर पैसे घालू नका आणि प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेट्रोल तर अजिबात नेऊ नका. मनालीजवळ अटल बोगद्यातून (9.02 किलोमीटर, 2020 साली खुला झाला) आलात की रोहतांग खिंडीचा वेगळा परवाना लागत नाही. चंद्रताल तलावाच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. मुक्काम थोडं अलीकडे असलेल्या तंबूंत करावा लागतो.

गाडीत काय बघायचं

गोव्यातली गाडी बाहेरून चकचकीत असली तरी खालून खारी हवा तिला खात असते. कळंगुट, वास्को, काणकोण अशा किनाऱ्याच्या भागातल्या गाड्या आम्ही आधी लिफ्टवर चढवून गंज बघतो. चॅसीसचे जोड, ब्रेकचे लोखंडी पाइप, शॉकअपच्या कपा आणि टो हूकचे बोल्ट बारकाईने तपासतो. ज्या हुकाला दोर लावून दोन टनांची गाडी ओढायची, त्याचा बोल्ट गंजलेला असेल तर तो सुटून गोळीसारखा येतो. सावर्डे, कुडचडे, डिचोलीकडच्या गाड्यांत वेगळा प्रश्न असतो. तांबड्या धुळीने एअर फिल्टर भरलेला असतो, आणि वर जिथे हवाच विरळ तिथे असं इंजिन धापा टाकतं.

ब्रेक ऑइल दमट हवेतलं पाणी शोषून घेतं. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ते बदलाच. कुंझुमहून उतरताना ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. उतारावर गाडी गियरवर सोडायची सवय इथेच, चोर्ला घाटात लावून घ्या.

टायरच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे. महागडे मड टायर नकोत. ते डांबरावर घोंघावतात, जास्त इंधन पितात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त घेतात. कंपनीच्याच मापाचे, बाजूची भिंत मजबूत असलेले ऑल-टेरेन टायर या प्रवासाला पुरतात. पाच वर्षांहून जुना टायर वर नक्षी कितीही शिल्लक असली तरी नको. स्टेपनी पूर्ण मापाची हवी. दगडगोट्यांवर हवा 25-26 पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते आणि हादरे कमी होतात. डांबरावर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरायची, त्यासाठी गटात एक चांगला कॉम्प्रेसर ठेवा.

ओढण्याचं सामान तीन गाड्यांत मिळून एक संच पुरतो : वजनक्षमता छापलेला एक पट्टा, छापील क्षमतेच्या दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या), फावडं, हातमोजे आणि जॅकखाली घालायला जाड फळी. दोराच्या मध्यावर जाड चादर किंवा पोतं टाका, म्हणजे दोर तुटला तरी उसळत नाही. ओढताना बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं. विंच (गाडीला बसवायचं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) घेऊ नका. 2014 साली देशातली पहिली रेनफॉरेस्ट चॅलेंज गोव्यात झाली, तेव्हापासून विंचचं आकर्षण आपल्याकडे वाढलं आहे, पण ते चिखलातल्या स्पर्धेचं हत्यार. बुलबार (पुढच्या बंपरवरचा लोखंडी सांगाडा) आणि लाइटबारचे पैसेही वाचवा. बुलबारवर केंद्राने 2017 पासून बंदी घातली आहे, आणि विमा कंपनीला न कळवता केलेले फेरफार दावा करताना आडवे येतात.

सराव कुठे करायचा

समुद्रकिनाऱ्यावर नाही. गोव्यात तिथे गाडी घालणं बेकायदा आहे, गुन्हा दाखल होतो आणि कासवांच्या घरट्यांचं, वाळूच्या टेकड्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यातही नाही. कुळेहून दूधसागरला जाते ती तिथल्या नोंदणीकृत जीपांची वाट आहे. ओळखीच्या कोणाची भरड जमीन किंवा बंद पडलेली चिरेखाण असेल, तर मालकाच्या परवानगीने तिथे एक सकाळ घालवा. लो रेंज (फोर-बाय-फोरचे हळू पण जास्त जोराचे गियर) कधी टाकायची, आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील का काढायची (गियर आणि अ‍ॅक्सल एकमेकांत आवळले जातात), हे तिथे एकदा करून पाहिलं की लक्षात राहतं.

पाण्याचा सराव मात्र इथल्या ओहोळात पूर्ण होत नाही. वरचे नाले बर्फ वितळून वाहतात, म्हणून सकाळी पाणी कमी आणि दुपारनंतर वाढलेलं असतं. ग्राम्फू-बातलचा पट्टा म्हणून सकाळी लवकर ओलांडायचा. दुसरी गाडी पलीकडे गेलेली बघा, पाण्याखालचे दगड कुठे आहेत ते ठरवा, पहिल्या गियरात लो रेंज टाकून एका चालीने जा, मध्येच क्लच दाबू नका. नव्या थारला कंपनी 650 मिलिमीटर, गुरखाला 700 मिलिमीटर पाणी झेपतं असं सांगते, पण ते संथ पाण्याचे आकडे आहेत. वाहतं पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर थांबा. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या विम्यात धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. या सफरीपुरता हा हप्ता भरणं योग्यच आहे.

पैशांचं निघण्यापूर्वी बोला

वर्गणीचा एक सामायिक डबा करा आणि तो सांभाळायला हिशेबाचा पक्का एकच माणूस नेमा. इंधन आणि टोल सगळ्या गाड्यांचे एकत्र करून माणशी वाटावेत. नाहीतर जास्त डिझेल पिणाऱ्या गाडीत कोणी बसायचं यावरून रुसवेफुगवे होतात. पंक्चर आणि वाटेत फाटलेला टायर डब्यातून. आधीच झिजलेली क्लच प्लेट गेली, तर खर्च मालकाचा. म्हणूनच निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येक गाडीच्या स्थितीचा लेखी कागद देतो, पुढे वाद उरत नाही. एकूण अंदाजाच्या 15 टक्के रक्कम डब्यात न मोडता ठेवा. खर्च वाटून घेणं वेगळं आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं वेगळं. दुसरी गोष्ट कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

गाडीत दारूची बाटली नको. इथल्या भावाने घेतलेली एक बाटलीदेखील राज्याच्या सीमेवर सगळ्या गटाला अडकवते. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटने संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय बाळगू नका, गोव्याच्या विमानतळावर यावरून लोकांना अटक झालेली आहे. गाड्यांमधल्या बोलण्यासाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर चालणारे कमी शक्तीचे वॉकीटॉकी परवान्याविना चालतात. तीन गाड्यांना तीन पुरे.

तपासणीला येताना

निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी गाड्या आणा, म्हणजे मागवलेला सुटा भाग वेळेत येतो आणि बसवल्यावर तीनचारशे किलोमीटर चालवून बघता येतो. आदल्या दिवशी नवं काही बसवून निघू नका. गटातल्या सगळ्या गाड्या एकाच दिवशी आणल्या तर सामायिक सुट्या भागांची यादी आम्ही तिथेच करून देतो. येताना आरसी, विम्याचा कागद, पीयूसी, मागच्या सर्व्हिसची बिलं, स्टेपनी आणि गाडीचा मूळ जॅक-पाना घेऊन या. जो गाडी चालवणार आहे त्यानेही यावं. चाक बदलणं, पंक्चरची पट्टी मारणं आणि दोर लावणं आम्ही त्याच्या हातून करून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.