जुन्या पिकअपचा लाकडी हौदा आणि कोकणची खारी हवा

हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअप पाहिल्या, की इंजिन अजून दमदार आणि हौद्याच्या पत्र्याची मात्र चाळण, असे दृश्य हमखास दिसते. बर्फाचे खारट पाणी पत्र्याच्या दुमडीत साचते आणि ते उन्हात वाळले तरी मीठ मागे उरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली, की साधे मीठ हवेतले बाष्प ओढून पाघळते. समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाघळू लागते. किनाऱ्यावर त्याहून कोरडी हवा क्वचितच असते, त्यामुळे सांध्यातला ओलावा पुरता जात नाही आणि गंज चालूच राहतो. अशा गाडीवर लाकडी सपाट हौदा बसवणे हा जुना उपाय शास्त्राच्या कसोटीवरही उतरतो. मात्र तो किती वर्षे टिकेल, हे मुख्यतः त्यात शिरलेले पाणी किती लवकर बाहेर पडते यावर ठरते.

लाकडी हौदा जड होईल, ही शंका आधी दूर करू. 2.4 मीटर लांब आणि 1.5 मीटर रुंद हौद्यासाठी 25 मिलिमीटर जाडीच्या सागाच्या फळ्या घेतल्या, तर त्यांचे वजन साधारण 58 किलो भरते. त्याच मापाचा 3 मिलिमीटरचा पोलादी पत्रा सुमारे 85 किलोचा होतो. पोलाद सागापेक्षा कितीतरी ताठ खरे, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे ही जाड फळी तंतूंच्या दिशेने त्या पत्र्याहून तीसपटींहून अधिक ताठ ठरते. तंतूंच्या आडव्या दिशेने ती बरीच दुबळी असते, म्हणून फळ्या गाडीच्या लांबीत घालून त्यांखाली ठरावीक अंतरावर आडव्या तुळया द्याव्या लागतात.

लाकूड कोणते घ्यावे? सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, जे वाळवीला मानवत नाही. सालीलगतच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसते, आणि कमी वयाच्या झाडात या फिकट भागाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे वखारीत ‘साग आहे’ एवढ्यावर न थांबता प्रत्येक फळीची कड पाहून घ्यावी. ऐन आणि किंजळ सागाहून जड, पण मजबूत असल्याने तुळयांसाठी चांगले. आंबा स्वस्त आणि मुबलक आहे, परंतु उघड्यावर तो लवकर किडतो आणि कुजतो. पेट्यांसाठी तो ठीक. हौद्यासाठी मी तो सुचवणार नाही.

आता खरा प्रश्न लाकडाच्या फुगण्याचा. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेत सतत पाणी घेते आणि सोडते. कोकणात हिवाळ्यात उघड्यावरच्या लाकडातील पाण्याचे प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास असेल, तर पावसाळ्यात ते 18 टक्क्यांपर्यंत सहज जाते. लांबीत याचा परिणाम नगण्य असतो, पण रुंदीत सागाची साधी चिरलेली फळी प्रत्येक टक्क्यामागे सुमारे 0.19 टक्के फुगते. म्हणजे 150 मिलिमीटर रुंदीची फळी पावणेदोन मिलिमीटरने वाढते, आणि दहा फळ्या घट्ट भिडवून बसवल्या असतील तर एकूण 17 मिलिमीटरची वाढ कुठेतरी जिरावी लागते. ती जिरली नाही, तर फळ्या उचलल्या जातात किंवा बोल्ट ओढले जातात. त्यामुळे फळ्या कोरड्या ऋतूत बसवाव्यात आणि दोन फळ्यांत 6 मिलिमीटरची फट सोडावी. या फटीतून बर्फाचे पाणीही निघून जाते. शिवाय फळीची सालीकडची बाजू वर ठेवावी: वाळलेली फळी पावसात फुगताना त्या बाजूने किंचित उंचवटा धरते आणि पाणी कडेला ओघळते. ओली फळी अशीच बसवली, तर वाळताना ती उलट वाकते आणि तिच्यावर पन्हळीसारखे पाणी साचते. फळीच्या टोकांकडून पाणी कित्येक पटींनी वेगाने आत शिरते, म्हणून टोके कापल्याबरोबर जवसाच्या तेलाने किंवा दाट रंगाने बंद करावीत.

चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याच्या, बाबतीत घाई घातक ठरते. बोलेरो किंवा टाटा 207 सारख्या पिकअपची चासी शिडीच्या आकाराची असून खडबडीत घाटरस्त्यावर ती थोडी पिळवटते, आणि तशी पिळवटणे हेच तिचे काम असते. भार वाहताना चासीच्या लांबीत जाणाऱ्या दोन पन्हळी पट्ट्यांच्या वरच्या व खालच्या कडांवर सर्वाधिक ताण येतो, तर उभ्या भिंतीच्या मध्यावर तो जवळपास शून्य असतो. म्हणून कडांना भोके पाडू नयेत आणि तिथे वेल्डिंगही करू नये, कारण तापलेल्या भागातील पोलादाची रचना बदलून पुढे तडा तिथूनच सुरू होतो. त्याऐवजी दोन्ही पट्ट्यांवर ऐनाच्या लांब तुळया ठेवून त्या यू-बोल्टने आवळाव्यात. बोल्ट आवळताना पट्टी चेमटू नये म्हणून तिच्या पोकळीत आधार द्यावा, मात्र सायलेन्सरजवळ हा आधार लाकडाचा नसावा. तुळईचे केबिनकडील टोक खालून तिरपे तासले, की भार एकाच रेषेवर न येता हळूहळू चासीवर उतरतो. हौदा बदलताना मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मधील परवानगीची चौकशी आरटीओत आधीच करावी.

जुन्या लाकडी हौद्यातील बोल्ट काढून पाहिला, तर डोके आणि नट शाबूत असूनही लाकडाच्या आतला दांडा बारीक झालेला दिसतो, आणि भोकाभोवती शाईसारखे काळे कडे असते. ते खरोखर शाईच्याच जातीचे असते. ऐन, किंजळ आणि हिरडा ही एकाच वंशाची, टॅनिन हे तुरट द्रव्य असलेली झाडे. टॅनिन आणि लोह ओलाव्यात भेटले, की काळे संयुग तयार होते आणि हिरड्याची शाईही त्यापासूनच बनते. लाकडातील आम्ले लोखंड खातात, तर विरघळलेले लोह भोवतालच्या सेल्युलोजचे तंतू मोडण्याच्या रासायनिक क्रियेला चालना देते. हे नुकसान दुहेरी असल्यामुळे साध्या खिळ्यांऐवजी गरम जस्तात बुडवलेले किंवा 316 प्रतीचे स्टेनलेस बोल्ट वापरावेत, भोके किंचित मोठी ठेवावीत आणि बसवताना दांड्याला ग्रीस लावावे. या एका बाबीत पैसे वाचवू नयेत.

लाकूड टिकवण्यासाठी 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण तयार केले, आणि पुढे ते जगभर वापरले गेले. ते परिणामकारक आहे यात शंका नाही. पण ज्या हौद्यात मासळी किंवा हापूस ठेवायचा, त्यासाठी आर्सेनिक मला मान्य नाही. बोरॅक्सची द्रावणे सौम्य असतात, परंतु पावसात धुऊन जातात. जवसाचे उकळलेले तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून लाकडाच्या वरच्या थरात घट्ट होते आणि पाण्याचा शिरकाव मंद करते; दरवर्षी मे महिन्यात त्याचा एक हात द्यावा. या संयोगात उष्णता निर्माण होते, त्यामुळे तेलाची फडकी गोळा करून टाकल्यास आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत. पहिल्या पावसाळ्यानंतर डिसेंबरात लाकूड आकसते, तेव्हा सर्व यू-बोल्टचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.