तीन हात नाक्यावर दम टाकणारी गाडी

पूर्व द्रुतगती महामार्गावर ऐंशीच्या वेगानं सुरळीत धावणारी पंधरा-वीस वर्षांची गाडी ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागते. आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) सुई खाली-वर होते आणि हिरवा दिवा लागायच्या आत इंजिन बंद. गॅरेजात नेली की पहिला उपाय ठरलेला असतो, स्क्रू फिरवून ‘रेस वाढवून देतो’. चार दिवस बरं वाटतं. मग पेट्रोल जास्त पितेय हे लक्षात येतं आणि दुखणं जागच्या जागीच असतं.

धावताना ठीक आणि उभी राहिली की आजारी, असं का? जुन्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाचा हिशेब करून पाहा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ते मिनिटाला साधारण ८५० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत घेतली जाते, म्हणजे मिनिटाला सुमारे ३४० लिटर. पण आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असल्यामुळे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातला) दाब बाहेरच्या दाबाच्या एक तृतीयांशावर आलेला असतो. म्हणून बाहेरची खरी हवा आत जाते ती मिनिटाला ११०-११५ लिटरच. आता मॅनिफोल्डच्या एखाद्या रबरी नळीला २ मिलिमीटरचं भोक पडलं, तर त्यातून मिनिटाला २५ लिटरच्या आसपास हवा चोरून आत शिरते, जवळजवळ पाव हिस्सा! महामार्गावर इंजिन याच्या कितीतरी पट हवा ओढत असतं आणि झडप उघडी असल्यानं भोकातून ओढही कमी असते. तिथं ही चोरी जाणवतच नाही.

म्हणून शोध नळ्यांपासून सुरू करावा. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची जाड नळी, क्रँककेसची वाफ परत नेणारी पीसीव्हीची नळी, मॅनिफोल्डवरच्या बारीक नळ्या आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट. रबर उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं कडक होतं आणि नेमकं टोकाशी, क्लिपेखाली चिरतं. वरून नळी धडधाकट दिसते, वाकवली की चीर उघडते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर हा दुसरा संशयित. गाडी चालू असताना सुस्स असा बारीक आवाज येतो का ते ऐका. संशयाच्या जागी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला आणि आवाज किंवा आरपीएम क्षणभर बदलला, तर चोर सापडला. कार्ब क्लीनरनं (कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेनं) हीच परीक्षा लवकर होते, पण ते गरम इंजिनावर पेट घेऊ शकतं. घरी तो खेळ नको. आणि बेसमेंटच्या बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काहीच करू नये, तिथं कार्बन मोनॉक्साइड साचतो.

गळती असलेल्या गाड्या सगळ्या सारख्या वागत नाहीत. कार्ब्युरेटरच्या (इंजेक्टर नसलेल्या जुन्या) गाडीत हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन ती मिसिंग करते, म्हणजे मधेच ठोका चुकवते. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्तीच्या हवेला जास्तीचं पेट्रोल देतो, आरपीएम चढतो. झडप बंद असूनही इंजिन एवढं का पळतंय म्हणून तो पेट्रोल तोडतो, आरपीएम पडतो, पुन्हा पेट्रोल देतो. सुईचं हे वर-खाली म्हणजे हंटिंग.

गळती नसेल तर उलटी शक्यता, हवाच कमी पडते. पीसीव्हीतून येणारी तेलाची वाफ थ्रॉटलच्या कडेला काळी, चिकट कड धरते. मिटलेल्या झडपेभोवतीची फट केसाएवढीच, त्यामुळे एवढा थरही पुरतो. इंजिन थंड आणि बंद असताना एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढा, झडप हातानं उघडी धरून क्लीनर कापडावर घ्या आणि कडा आतून-बाहेरून पुसा. शेजारच्या आयडल व्हॉल्व्हची (आयडलिंगपुरती हवा सोडणाऱ्या झडपेची) वाट साफ करा, पण त्याची सुई हातानं ओढू-फिरवू नका आणि मोटर क्लीनरमध्ये बुडवू नका. रंगाचा ठिपका लावून कंपनीनं बंद केलेला थ्रॉटल-स्टॉप स्क्रू तर विसरूनच जा.

ठाण्यात पावसाळ्यात एक वेगळंच दुखणं निघतं. प्लगला ठिणगीचा करंट नेणाऱ्या जुन्या एचटी केबलच्या भेगांत ओल धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनच्या धातूवर उतरते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, केबलला हात न लावता त्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर धागे वळवळताना दिसले की केबल आणि ठिणगी प्लगांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी बदला. प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाड्यांत बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नंतरच्या एमपीएफआयमध्ये १ ते १.१. तो अंदाजानं नाही, फिलर गेजनं (फट मोजायच्या पट्ट्यांनी) बघावा.

ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच जुन्या गाड्यांना सीएनजी किट आहे, आणि निदानाला त्याचा मोठा फायदा होतो. दोन्ही इंधनांवर सारखाच त्रास असेल, तर दोष हवेत, ठिणगीत किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरातल्या दाबात). फक्त सीएनजीवर असेल, तर गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर आणि गॅसचा फिल्टर बघा. प्लगचा गॅपही बघा, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते आणि रुंद गॅपवर ठिणगी तयार करणारी थकलेली कॉइल हरते. फक्त पेट्रोलवर असेल, तर वर्षानुवर्षं न वापरलेले इंजेक्टर चोंदले असणार. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका झिजून क्लिअरन्स (व्हॉल्व्हसाठी ठेवलेली मोकळी फट) संपतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. कॉम्प्रेशन मोजल्यावर सिलिंडरांमध्ये चौरस सेंटिमीटरला १ किलोहून जास्त फरक निघाला तर आधी तिकडे वळा. ट्यूनिंगचे पैसे वाया घालवू नका.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी अर्ध्या मिनिटाची परीक्षा: चावी ऑन करा, कार्ब्युरेटरजवळ ‘टिक्’ ऐकू येते का? ती सोलेनॉइडची, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेची. टिक् नसेल आणि गाडी ॲक्सिलरेटर दाबून ठेवल्यावरच चालत असेल, तर सोलेनॉइडला करंट पोचत नाही किंवा तो मेला आहे. टिक् येत असेल तर पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल जातं त्या बारीक भोकात, कचरा अडकलाय.

गाडी इंजिन गार असताना चांगली आणि तापल्यावर धूर काढत गचके देत असेल, तर कूलंट तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरनं मोजावा. साधारण २० अंशांना त्याचा रोध अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तापल्यावरही आकडा हजारांतच राहिला, तर ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे, आणि तो पेट्रोल ओततच राहतो.

थ्रॉटल साफ केल्यावर गाडी आधीपेक्षा जोरात गुरगुरली तर घाबरू नका. ईसीयूनं घाणीचा हिशेब धरून ठेवलेला असतो. बॅटरीची निगेटिव्ह तार दहा मिनिटं काढून परत जोडा, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चालू करा आणि रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत तशीच ठेवा. मग पाच मिनिटं एसी लावून. एवढं करूनही सुई ८५० वर स्थिर आणि स्टिअरिंग मात्र थरथरतंय, तर इंजिन बरं झालंय. आता इंजिन ज्यांवर टेकतं ते खालचे माउंटिंग बघा, रबर फाटलं असेल.