मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारावरील संशोधनात सहभाग : पात्रता, कागदपत्रे, पद्धत

यासाठी सेतू केंद्रात मिळणारा छापील अर्ज नसतो. सुरुवात करायची ती सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या सरकारी नोंदणीपासून. भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे रुग्णांवर औषध-उपचार तपासणाऱ्या संशोधनाची, तिथे नोंद 15 जून 2009 पासून सक्तीची आहे. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, त्यामुळे घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. 'स्मॉल व्हेसल डिसीज' (हाच बारीक रक्तवाहिन्यांचा आजार), 'लॅक्युनर स्ट्रोक' (अशी बारीक रक्तवाहिनी बंद होऊन आलेला छोटा झटका), 'व्हॅस्क्युलर डिमेन्शिया' (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने येणारा स्मृतिभ्रंश) असे तिन्ही शब्द टाकून शोधा. भरती सुरू आहे का, कोणत्या शहरातल्या कोणत्या रुग्णालयात आहे आणि संपर्क कोणाचा, हे सगळे त्या नोंदीत सापडते. आपल्या सोलापुरात केंद्र नसेल तर पुणे किंवा हैदराबाद बघा. मात्र दर तपासणीला जाणे-येणे झेपेल का, प्रवासखर्च मिळेल का, हे फोनवरच विचारून घ्या.

कोणी सांगितलेल्या ट्रायलचा नोंदणी क्रमांक सापडत नसेल किंवा 'नावनोंदणी फी' मागितली जात असेल, तर तिथेच थांबा.

पात्रता प्रत्येक ट्रायलची वेगळी. एमआरआय रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' (बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याने झालेले जुने बदल, स्कॅनमध्ये पांढरे डाग दिसतात ते) असे लिहिले म्हणून कोणी आपोआप पात्र ठरत नाही. साठीनंतर थोडेफार पांढरे डाग बऱ्याच जणांच्या मेंदूत दिसतात. ते किती आहेत हे 0 ते 3 या फझेकास श्रेणीत मोजतात आणि संशोधकांचा रस साधारणपणे वरच्या श्रेणीत असतो, किंवा लॅक्युनर स्ट्रोक होऊन गेलेल्यांत. ब्रिटनमधल्या लॅसी-2 ट्रायलचेच बघा. तिथे 363 रुग्णांवर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टॅझॉल ही दोन जुनीच औषधे तपासली. निष्कर्ष 2023 मध्ये आले. आशा वाटावी असे, पण मोठ्या ट्रायलशिवाय पक्के म्हणता येणार नाहीत असे. तिथे लॅक्युनर स्ट्रोक झालेला, वय तिशीपुढचे आणि स्वतः संमती देण्याइतकी समज शाबूत, अशा अटी होत्या. पेसमेकर, किडनीचा त्रास किंवा चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी यांवरून अनेकदा नकार येतो. नकार आला म्हणजे आजार बळावला, असे समजू नका.

कागदपत्रांत लोक हमखास विसरतात ती एमआरआयची सीडी. फिल्म आणि रिपोर्टवर भागत नाही, मूळ प्रतिमा लागतात. सीडी हरवली असेल तर स्कॅन सेंटरकडे दुसरी मागा. सोबत डिस्चार्ज कार्ड, बीपी-शुगरच्या नोंदी, ओळखपत्र आणि चालू औषधांची यादी न्या. यादीत काढे-चूर्णही लिहा, लपवू नका. चालण्यातला, विसरण्यातला बदल सांगू शकेल असा घरचा माणूस बरोबर हवाच.

मग संमतीपत्र. ते रुग्णाला कळणाऱ्या भाषेत असले पाहिजे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड चालते, तेव्हा नुसत्या मराठी कागदावर आजोबांची सही घेऊ देऊ नका. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, समज कमी झाली असेल तर कायदेशीर प्रतिनिधी. कागद घरी नेऊन विचार करायला वेळ मागा. सही केलेली एक प्रत तुमची, ती घेतल्याशिवाय उठू नका. 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईचीही तरतूद आहे. मधेच बाहेर पडायचे असेल तर कारण द्यावे लागत नाही आणि नेहमीचे उपचारही थांबत नाहीत. फक्त गोळ्या बंद करण्याआधी ट्रायलच्या डॉक्टरांना कळवा.