अडकण्याची पन्नास वर्षं : ॲडव्हेंचर गेममधल्या कोड्यांची पार्श्वभूमी

ॲडव्हेंचर गेममध्ये, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेण्याच्या संगणकी खेळात, खेळाडू अडकणारच. अडकलाच नाही तर खेळण्यासारखं काही उरत नाही. पण एका अडकण्यात डोकं चालू राहतं आणि आंघोळ करताना अचानक उत्तर सुचतं, तर दुसऱ्या अडकण्यात माणूस गेमच काढून टाकतो. कोडं कसं बांधलंय यावर हे ठरतं, आणि ती बांधणी नीट जमायला गेम लिहिणाऱ्यांना बराच काळ लागला.

बीबीएन या अमेरिकी कंपनीतला प्रोग्रॅमर विल क्राउदर गुहा धुंडाळणारा माणूस होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या नकाशांवर त्याने काम केलं होतं. १९७५-७६च्या सुमारास त्याने पीडीपी-१० संगणकासाठी फोर्ट्रान या संगणकभाषेत गुहेत फिरण्याचा एक खेळ लिहिला. चित्रं नाहीत, फक्त मजकूर. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला, आणि तोच ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ म्हणून पसरला. खेळाडूने टाइप करायचा हुकूम जास्तीत जास्त दोन शब्दांचा.

त्यातलं पक्ष्याचं कोडं आजही अभ्यासावं असं आहे. पिंजरा घेऊन पक्षी पकडायला गेलं की तो बिचकतो. गेम सांगतो ते एवढंच : तुम्ही आत आलात तेव्हा पक्षी घाबरला नव्हता, जवळ जाताच घाबरला. म्हणजे तुमच्याजवळच्या कशाला तरी तो भितोय. हातातली काळी काठी खाली ठेवायची, पक्षी पिंजऱ्यात घ्यायचा, आणि पुढे वाट अडवणाऱ्या सापासमोर त्याला सोडायचं. सूचना कोड्यातच दडलेली आहे.

त्याच गेममधला सगळ्या खोल्या सारख्या दिसणारा चक्रव्यूह मात्र फक्त कष्टाचा. प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकायची, एकेक दिशा तपासायची आणि कागदावर बाण काढायचे. हातात एका वेळी सातच वस्तू राहतात, त्यामुळे खुणा कमी पडतात. वर दिव्याची बॅटरी ठरावीक चालींनंतर संपते, आणि अंधारात चाललं की खड्ड्यात पडायची धास्ती. म्हणून नकाशा एका डावात काढायचा आणि खजिना पुढच्या डावात आणायचा, हीच पद्धत शहाणपणाची. खुणेला खजिन्यातली वस्तू वापरू नये. समुद्री चाचा गाठ पडला की तो खजिनाच लुटतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९७७पासून लिहिल्या गेलेल्या ‘झॉर्क’ला पूर्ण वाक्यं कळायची. त्याच्या कर्त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७९मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली. तरीही मजकुरी गेमचा मूळ आजार राहिलाच : उत्तर माहीत असतं, पण गेमला हवं ते क्रियापद सापडत नाही. इन्फोकॉमच्या सूचनापुस्तिका अदृश्य शाईत छापलेल्या असत. सोबतच्या पेनने रेघ ओढली की पहिली मोघम सूचना दिसे, मग जरा स्पष्ट, शेवटी थेट उत्तर. अडकलेल्याला हवी तेवढीच मदत द्यायची, ही पायऱ्यांची कल्पना फार मोलाची होती.

रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांनी १९८०मध्ये ॲपल टू या संगणकासाठी ‘मिस्टरी हाउस’मध्ये रेघांची चित्रं आणली. त्यांच्याच कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये (१९८४) पडद्यावर चालणारा नायक आला. त्यात एका बुटक्याचं नाव ओळखायचं असतं आणि ‘उलटा विचार करा’ अशी चिठ्ठी मिळते. बहुतेक जण रम्पलस्टिल्टस्किन हे नाव शेवटाकडून टाइप करत. ते चुकीचं. अख्खी वर्णमालाच उलटी करायची, म्हणजे ए ऐवजी झेड आणि बी ऐवजी वाय, आणि त्या लिपीत नाव लिहायचं. सूचना खरी, पण तिचा सोपा अर्थ फसवणारा.

‘किंग्ज क्वेस्ट’च्या पाचव्या भागात (१९९०) याहून वाईट प्रकार आहे. जवळचा ‘कस्टर्ड पाय’ हा गोड पदार्थ भुकेपोटी खाल्ला, तर नंतर डोंगरातल्या हिममानवाच्या (यतीच्या) तोंडावर फेकायला काही राहत नाही. गावात मांजराच्या तावडीतून उंदीर सोडवला नाही, तर पुढे दोऱ्या कुरतडायला कुणी येत नाही. चूक झाली तेव्हा गेम गप्प बसतो, हे मला अक्षम्य वाटतं. असे गेम खेळताना एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहू नये. प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल ठेवावी.

हे बदललं ते लुकासफिल्म गेम्समध्ये. ‘मेनिॲक मॅन्शन’साठी (१९८७) रॉन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी स्कम ही गेम बांधायची प्रणाली केली. क्रियापदं पडद्यावरच मांडली, म्हणून शब्द शोधणं संपलं. १९८९मध्ये गिल्बर्टने या प्रकारच्या दोषांवर लेखच लिहिला. दरी आधी दिसावी, दोर मग सापडावा. मरून शिकायला लावू नये. मागे राहून गेलेल्या वस्तूपायी डाव वाया जाऊ नये.

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये (१९९०) हे पाळलेलं दिसतं. तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध या पहिल्या भागातल्या तीन परीक्षा हव्या त्या क्रमाने देता येतात. आखणीची रीतही शिकण्यासारखी : शेवटच्या कृतीपासून मागे जात, कशासाठी काय लागतं याचा तक्ता काढायचा. तक्ता एकच सरळ रेघ झाला तर एका कोड्यावर अख्खा गेम थांबतो. फांद्या फुटल्या तर खेळाडूला दुसरीकडे वळता येतं.

रँड आणि रॉबिन मिलर यांच्या ‘मिस्ट’ने (१९९३) वस्तूंची पिशवीच काढून टाकली. हायपरकार्ड या ॲपलच्या प्रणालीत जोडलेली सुमारे अडीच हजार चित्रं, एक सीडी, आणि मरणं नाहीच. गेममध्ये वेगवेगळी जगं आहेत, आणि त्यांतल्या एकात रुळांच्या भुयारात वळण आवाजावरून ओळखायचं असतं. हे आवाज दुसऱ्या एका जगात दिशांसोबत ऐकू येतात. पण जगांचा क्रम मोकळा आहे, म्हणून भुयारात आधी पोचलेला खेळाडू नाहक भटकतो.

१९९९च्या ‘गेब्रियल नाइट ३’मध्ये तर्काने अगदी मान टाकली. मांजर जिथून जातं त्या भोकावर चिकटपट्टी लावून मांजराचे केस मिळवायचे आणि मेपल सिरपने त्यांची मिशी चिकटवायची. ज्याचं सोंग घ्यायचं त्या मोझलीला मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच पेनाने मिशी काढायची! इथे उत्तर सुचतच नाही, नुसतं सगळ्यावर सगळं वापरून पाहावं लागतं.

चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता या कंपनीने ‘मशिनेरियम’मध्ये (२००९) त्या सवयीवर सोपा इलाज केला : रोबोचा हात पोचेल तेवढ्याच वस्तूंना हात लावता येतो. सर्वांत नेटकं उत्तर मात्र लुकस पोपच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये (२०१८) आहे. जहाजावरच्या साठ जणांचं नाव आणि काय झालं ते नोंदवायचं. तिघांच्या नोंदी बरोबर आल्या तरच गेम त्या पक्क्या करतो. ओळख पटण्याइतके पुरावे दिसेपर्यंत चेहरा धूसर राहतो. दोन नोंदींची खात्री असली की तिसऱ्या जागी एकेक नाव फिरवून पाहता येतं, ही फट आहेच, आणि बरेच जण चिनी खलाशांपाशी तेच करतात. झोपायच्या झोळ्यांवरचे क्रमांक आणि पायांतले बूट-मोजे नीट पाहिले, तर तिथेही तशी गरज पडत नाही.