ओल, जुन्या शहरी इमारतींतील

भिंत, छत, जमीन आणि लाकूडकाम यांत साठून राहणारे पाणी, आणि त्याचा माग काढण्यासाठी वेळोवेळी करावयाची पाहणी. पाणी शिरते एकीकडे आणि डाग उमटतो दुसरीकडे, हा या विषयातील मूळ पेच आहे. त्यामुळे एकदाच केलेली पाहणी बहुधा फसवते. ऋतूमागून ऋतू ठेवलेल्या नोंदींवरूनच निदान होऊ शकते. येथे मुख्यतः मुंबईतील चाळी व भाड्याच्या इमारती आणि पुण्यातील वाडे यांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती व परिभाषा : ‘ओल’, ‘ओला’ हे शब्द प्राकृत ‘ओल्ल’पासून आले, हे सर्वमान्य आहे. त्यामागचे संस्कृत रूप कोणते, याविषयी मात्र मतभेद आहेत. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात (बारावे शतक) ‘आर्द्र’ची उल्ल, ओल्ल अशी वैकल्पिक रूपे दिली आहेत. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ही वाट सरळ नसल्याने ‘उंद्’ (भिजवणे) या धातूशी शब्दाचा संबंध जोडण्याचाही प्रयत्न झाला आहे. तो अधिक सयुक्तिक वाटतो. भिंतीवर फुलणाऱ्या क्षारांना ‘लोणा’ म्हणतात. तो ‘लवण’पासून आला, याबद्दल वाद नाही. व्यवहारात पाझर (हळूहळू झिरपणारे पाणी), गळती (थेंब पडण्याइतके) आणि झड (वाऱ्याने भिंतीवर मारा करणारा पाऊस) असा ढोबळ भेद केला जातो. उगम न कळणारे सारे ‘ओल’ या एका शब्दात जाते.

जुने उल्लेख : वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सुमारे सहावे शतक) वज्रलेपाचे पाठ आहेत. टेंभुर्णी व कवठ यांची कच्ची फळे, सावरीची फुले इत्यादी द्रव्ये पाण्यात उकळून एक-अष्टमांश उरेपर्यंत आटवावीत व पुढील द्रव्ये मिसळून तो लेप गरम असतानाच लावावा, असे त्यात सांगितले आहे. हा लेप पाणीरोधक होता की निव्वळ सांधणारा चिकट पदार्थ, याबद्दल एकवाक्यता नाही. तो लावण्याच्या जागांत मंदिरे, घरे आणि मूर्तींबरोबर भिंती व विहिरीही येतात. विहिरीचा उल्लेख लक्षात घेता पाणी अडवणे हाही हेतू असावा, असे मानण्यास जागा आहे. पुढील काळात घाणीवर मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी मिसळण्याची पद्धत आढळते. त्यांची प्रमाणे कारागिरागणिक बदलतात.

जोत्यातून चढणारी ओल : जमिनीतील पाणी भिंतीच्या सूक्ष्म रंध्रांतून केशाकर्षणाने वर चढते. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच, हा नियम जेम्स जुरिन याच्या नावाने ओळखला जातो (१७१८). ०.०१ मिमी. त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सु. १.५ मी. चढते. विटा व चुना यांतील पुष्कळ रंध्रे याहून बारीक असतात, म्हणून हिशेबाने ओल पुष्कळच वर जायला हवी. प्रत्यक्षात ती बहुधा मीटरभरातच थांबते, कारण पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आणि खालून होणारा पुरवठा यांचा तेथे समतोल साधतो. त्या पट्ट्यात पाणी उडून जाते आणि विरघळलेली सल्फेटे, क्लोराइडे, नायट्रेटे मागे राहतात. स्फटिक वाढताना गिलाव्यावर दाब येतो, पोपडे सुटतात व लोणा दिसू लागतो. क्षार पुन्हा हवेतील बाष्प शोषत असल्याने मूळ पाणी बंद झाल्यावरही पावसाळ्यात तोच पट्टा ओलसर दिसतो. पुष्कळदा हीच ‘परत आलेली ओल’ समजली जाते.

या प्रकाराची व्याप्ती किती, हा वादाचा मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये जोत्यात ओलरोधक थर घालण्याची सक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्यविषयक नियमांतून रूढ होत गेली. पुढे जुन्या भिंतींना भोके पाडून रसायन भरण्याचा मोठा व्यवसाय तेथे उभा राहिला. त्या धंद्याच्या टीकाकारांच्या मते जमिनीतून चढणारी ओल क्वचितच आढळते व बहुतेक प्रकरणे फुटलेले नळ, बाहेरची चढलेली जमीन आणि दवीभवन (हवेतील बाष्पाचे थंड पृष्ठभागावर पाणी होणे) यांची असतात. प्रयोगशाळेत केशाकर्षण सहज दाखवता येते, तेव्हा तिचे अस्तित्वच नाकारणारे टोकाचे मत स्वीकारणे कठीण आहे. मुंबई-पुण्याच्या संदर्भात मात्र टीकाकारांचे म्हणणे वजनदार ठरते. येथील जोती पुष्कळदा घडीव काळ्या दगडाची असतात. हा दगड पाणी फार कमी शोषतो. पाण्याला वाट मिळते ती दरजांतून. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्याने कित्येक ठिकाणी एके काळचे उंच जोते आज रस्त्याच्या पातळीला आले आहे. अशा घराच्या तळमजल्यावर ओल दिसली तर रसायन भरण्यापूर्वी बाहेरची पातळी, गटार आणि घरगल्ली (दोन इमारतींमधील सांडपाण्याच्या पाइपांची अरुंद बोळ) पाहणे श्रेयस्कर.

सिमेंटचा गिलावा : विसाव्या शतकात चुना मागे पडून जुन्या भिंतींवरही सिमेंटचा गिलावा व पुढे तैलरंग चढले. चुन्याच्या गिलाव्यातून बाष्प बाहेर पडू शकते. घट्ट सिमेंटमधून ते फार कमी जाते. परिणामी पाणी बाहेर न पडता आडवे सरकते किंवा आणखी वर चढते. आतील माती-विटांचे काम भुसभुशीत होत जाते आणि बाहेरून भिंत कोरडी, गुळगुळीत दिसत राहते. ठोकून पाहिल्यावर येणारा पोकळ आवाज हा अशा भिंतीचा पहिला पुरावा. रंगारी येऊन गेल्यानंतर लगेच केलेल्या पाहणीला फारसा अर्थ उरत नाही, हे भाडेकरूंना व घरमालकांना सारखेच ठाऊक असते.

सांगाड्यावरील परिणाम : वाड्यांत व जुन्या चाळींत तुळयांची भिंतीत रुतलेली टोके सर्वांत आधी कुजतात. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांच्या आत असेल तर कुजवणाऱ्या बुरशीची वाढ सहसा होत नाही. भिंतीतील टोक हवेपासून तुटलेले असल्याने तेथे ही मर्यादा लवकर ओलांडली जाते व वाळवीही येते. तुळईचा दिसणारा मधला भाग या काळात ठणठणीत असू शकतो. लोखंडी गर्डर असलेल्या इमारतींत गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, काही संयुगांत सहापटीपर्यंत भरते व भोवतालचे बांधकाम फुटते. प्रबलित काँक्रीटमध्ये सळ्यांचे रक्षण काँक्रीटच्या तीव्र अल्कतेमुळे होते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडने ही अल्कता घटत जाते. समुद्राकाठी क्लोराइडांची भर पडते. गंज चढण्यास पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात, म्हणून आलटून-पालटून भिजणारा व वाळणारा स्लॅब सतत बुडालेल्या काँक्रीटपेक्षा लवकर बिघडतो. सळईच्या रेषेत गेलेली बारीक तडे व तपकिरी डाग ही सुरुवातीची खूण असते.

पाहणी : तीन वेळा करावी. एप्रिल-मे महिन्यांत, जुलैच्या संततधारेत आणि ऑक्टोबरात. उन्हाळ्यातही टिकणारा डाग बहुधा नळ, मोरी किंवा सांडपाण्याचा असतो. पावसाबरोबर येणारा गच्ची, कठडा, पन्हळ किंवा झडीचा. ओल्या भागाच्या कडेने पेन्सिलीने रेषा ओढून तारीख लिहावी. ही साधी युक्ती महागड्या उपकरणापेक्षा पुष्कळदा अधिक सांगून जाते. चाळीत खोलीतील मोरी, सामाईक संडासांना लागून असलेली खोली आणि घरगल्लीतून गेलेले बिडाचे पाइप प्रथम पाहावेत. पाइपाच्या जोडाजवळ उगवलेले पिंपळाचे रोप तेथे बारमाही पाणी असल्याचे दाखवते. ते नुसते छाटल्यास मुळे सांध्यात वाढतच राहतात.

विजेच्या रोधावर चालणारे आर्द्रतामापक प्रामुख्याने लाकडासाठी अंशांकित केलेले असतात. क्षारयुक्त भिंतीवर ते ओल फुगवून दाखवतात, तेव्हा त्यांचे आकडे एकाच भिंतीच्या दोन भागांची तुलना करण्यापुरतेच घ्यावेत. नमुना काढून कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद भांड्यात हलवणे (निघणाऱ्या ॲसिटिलिन वायूच्या दाबावरून आर्द्रता काढतात) किंवा भट्टीत वाळवून वजन घेणे या पद्धती अधिक विश्वसनीय आहेत, पण त्यांसाठी भिंत कोरावी लागते. गच्ची किंवा न्हाणीघर तपासण्यासाठी निचरा बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवतात. जुन्या लाकडी तुळयांवरील गच्चीवर हा भार धोक्याचा ठरू शकतो; तेथे ही चाचणी टाळावी.

दवीभवनाची ओल मुंबईत पूर्वी किरकोळ समजली जाई. वातानुकूलनाने ते चित्र बदलले. ३० अंश से. तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सु. २६ अंश असतो. शेजारच्या खोलीतील यंत्राने सामाईक भिंत त्याहून थंड झाली की अलीकडच्या खोलीत भिंतीवर पाणी जमते व कपाटामागे बुरशी धरते. प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवल्यास फरक कळतो : खोलीकडच्या बाजूस थेंब आले तर दवीभवन, भिंतीकडच्या बाजूस आले तर पाझर. श्वसनविकार व ओलसर घरे यांच्या संबंधावर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

कायदेशीर चौकट : मुंबई बेटावरील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची दुरुस्ती १९६९ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या मंडळाकडे आली, पुढे ते म्हाडात (महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात) समाविष्ट झाले. अशा इमारतींची मूळ संख्या १९,६४२ सांगितली जाते. मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी व त्याहून जुन्यांसाठी दर तीन वर्षांनी ती करावी असे म्हटले आहे. या तरतुदींचा रोख इमारत पडण्याच्या धोक्यावर आहे. खोलीतल्या ओलीची दखल त्यांत ओघाने येते, आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची गळती ही तर बहुधा दोन बिऱ्हाडांमधील भांडण म्हणूनच उरते.

कोकण व गोवा : येथील जांभा दगड सच्छिद्र असल्याने चुन्याचा गिलावा व दरसालची सफेदी यांवर भर असे. पावसाळ्यापूर्वी पश्चिमेकडच्या भिंतीवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधून झड अडवण्याची रीत होती. आता तेथे प्लॅस्टिक व पत्रे दिसतात.