चुकलेला पर्याय काय सांगतो?

एका बॅटरीला एक बल्ब जोडलाय. त्याला समांतर तसाच दुसरा बल्ब जोडला, तर पहिला मंद होईल का? बॅटरी आदर्श, म्हणजे अंतर्गत रोध नसलेली, धरली तर नाही. दोन्ही बल्बना तेवढाच व्होल्टेज मिळतो, बॅटरीतून निघणारा प्रवाह मात्र दुप्पट होतो. पण किर्चॉफचे (सर्किटमधल्या प्रवाह-व्होल्टेजच्या हिशेबाचे) नियम लावून मोठमोठी सर्किटं सोडवणारी मुलंही इथे ‘निम्मा उजेड’ म्हणून मोकळी होतात. बॅटरी ठरावीकच प्रवाह देते आणि तो वाटला जातो, ही समजूत इतक्या गणितांनंतरही तशीच राहिलेली असते.

पुण्यात इंजिनिअरिंगचा अभ्यास म्हणजे बहुतेकांसाठी अप्पा बळवंत चौकातून आणलेले सोडवलेले पेपर आणि न्यूमेरिकलचे ठरलेले प्रकार. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. पेपर जे विचारतो तेच ती शिकतात.

समज मोजायला वेगळी चाचणी लागते. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ प्रसिद्ध केली. बलाविषयीचे बहुपर्यायी प्रश्न, आकडेमोड जवळपास नाहीच. तिचं खरं बळ चुकीच्या पर्यायांत आहे. ते विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांवरून घेतलेले असतात, त्यामुळे कोण चुकलं एवढंच नव्हे, तर कोणत्या समजुतीमुळे चुकलं हेही दिसतं. पुढे स्टॅटिक्स, सिग्नल्स, उष्णतावहन अशा विषयांसाठीही अशा चाचण्या तयार झाल्या.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ वर्गांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे, सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतलेल्या अशा चाचण्यांचे निकाल मांडले. त्यांचं माप सोपं आहे: जितकी सुधारणा शक्य होती, त्यातली किती झाली? समजा सुरुवातीला ४० टक्के, शेवटी ५५. म्हणजे ६० पैकी १५, ०.२५. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०.२३ आली; जिथे मुलं वर्गातच चर्चा करत, अंदाज बांधून पडताळत, तिथे ०.४८. मला हा फरक फार मोठा वाटतो.

भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला, आणि कॉलेजांत ‘सीओ अटेनमेंट’चे (विषयाची ठरवलेली उद्दिष्टं किती साध्य झाली याचे) तक्ते भरणं नित्याचं झालं. पण ते आकडे मुख्यतः परीक्षेच्या गुणांतूनच येतात. गुणांत न दिसलेला गैरसमज तिथेही दिसत नाही. पहिल्या आठवड्यात आणि सत्राच्या शेवटी तीच छोटी चाचणी घ्यायला एक-एक तास पुरतो. मात्र तिचे गुण धरू नयेत आणि प्रश्नपत्रिका परत गोळा कराव्यात, नाहीतर पुढच्या वर्षी तिचीही उत्तरं पाठ होऊन येतील.